ताईंच्या आवाजाला निरोप

समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या ऑनलाइन वर्गाच्या बाई, ज्यांना आजवर आम्ही फक्त खांद्यापर्यंतच पाहिलं होतं, प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, ज्यांच्या हातात परवा सुरी असणार आहे, ताईंचे यजमान, सत्कारमूर्ती, म्हणजे ताईंचा आवाज, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

दचकू नका. सत्कार ताईंचा नाही, त्यांच्या आवाजाचाच आहे. परवा डॉक्टरसाहेब त्यांची स्वरपेटी काढणार. गाठ वाईट आहे. पुढे ओठ हलतील, आवाज येणार नाही. हे असं उघडं बोलू नका, म्हणून मघाशी पायरीवर दोघांनी मला बजावलं. पण मी कवळ्या करणारा माणूस. लोकांच्या रिकाम्या तोंडात बघून पोट भरतो, मला गोड बोलणं कुठून येणार?

ताईंची हयात बसस्थानकावर घोषणा करण्यात गेली. गाडी लागली, गाडी सुटली, गाडी रद्द झाली. रद्द झाल्याचंसुद्धा अशा आवाजात सांगायच्या, की माणूस भांडायचं विसरून बाकावर जाऊन बसायचा. निवृत्तीनंतर घरात कोणाला सांगणार गाडी आली म्हणून? यजमानांना? ते तर चहासुद्धा मानेनं मागतात. हसताहेत बघा, म्हणजे खरं आहे.

मग मुलीनं ताईंचं नाव या वर्गात घातलं. सादरीकरण कला! नाटक नव्हे हं. आपलं अंग, आपला आवाज आणि आपली खोली घेऊन काहीतरी घडवायचं. मीही असाच आलो. बायको गेल्यावर घर खायला उठायचं. बेकरीवाले आले, शिलाईवाल्या मावशी आल्या. पडद्यावर आमच्या चार चौकटी, पाचवी बाईंची.

आम्ही मिळून एक प्रयोग बसवला. ताई कुठंच नसलेल्या गावांच्या गाड्या पुकारणार, आणि आम्ही एकेक जण आपापल्या खोलीत पिशवी उचलून चौकटीबाहेर जाणार. शेवटी नुसत्या रिकाम्या खोल्या आणि ताईंचा आवाज. घोषणा आम्हीही त्यांच्याबरोबर म्हणायची होती. पण नेटवर चौघांनी एकदम बोलायचं म्हणजे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही! तेव्हा बाईंनी तोड काढली. ताई सोडून सगळ्यांनी माईक बंद करा, त्यांच्या ओठांकडे बघा आणि आपले ओठ त्यांच्याबरोबर हलवा. महिनोन्‌महिने आम्ही तेच केलं.

मग आवाज चिरकायला लागला. घोगरा झाला, मधेच तुटायला लागला. आणि आम्ही काय म्हणालो असू? "ताई, तुमचा माईक खराब झालाय." बाई म्हणाल्या, मावशी म्हणाल्या, मीही म्हणालो. ताईंनी नवा माईक आणला. मग हेडफोन आणला, मग नेटची कंपनी बदलली. यजमानांना वाटलं, पडद्यापुढे ओरडून घसा बसलाय. ताईंनाही माईकचाच दोष पटला, कारण तो सोयीचा होता. घसा सोडून आम्ही सगळं बदललं. डॉक्टरसाहेब, आधी आल्या असत्या तर स्वरपेटी वाचली असती, हे तुम्ही यजमानांना हळूच सांगितलंत. ते आम्हाला कळलंय. ताईंनाही.

शस्त्रक्रियेला ताई साफ नाही म्हणाल्या. "आवाज काढून घेतल्यावर माझ्यात उरतं काय? मढं सांभाळणार का?" यजमानांनी हात जोडले, लेक रडली. नाही म्हणजे नाही.

त्या आठवड्यात त्या वर्गात आल्या, त्या भांडायलाच. माईक मुद्दाम बंद ठेवला आणि तोंड सोडलं. लालबुंद होऊन बराच वेळ बोलत होत्या. थांबल्यावर मावशी म्हणाल्या, "अहो ताई, 'मेल्यांनो' इथवर ठीक होतं. पण आमच्या सात पिढ्या कशाला उद्धरता?" बेकरीवाले म्हणाले, "तो माईक खुशाल माझ्या नरड्यात कोंबा, पण 'मुडदा बसो' नका म्हणू."

ताई बघतच राहिल्या. एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, तरी शिवी न्‌ शिवी आम्हाला पोचली होती. त्या हसल्या, मग हमसून हमसून रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना होकार दिला. अट एकच. "नोकरी संपली की शिपायालासुद्धा हार आणि भाषण मिळतं. माझ्या आवाजानं काय घोडं मारलंय?"

म्हणून हा समारंभ. मला तो मुळीच आवडलेला नाही. कलेनं जगणं जिंकलं वगैरे कृपा करून कोणी बोलू नये. परवापासून यजमानांना दुसऱ्या खोलीतून हाक येणार नाही. फोनवर लेकीला आई ऐकू येणार नाही. ओठ वाचायला उजेड लागतो आणि समोर बसावं लागतं. हे नुकसान आहे, आणि ते भरून येणारं नाही.

तरी ताई, एवढं सांगतो. बऱ्या झालात की बुधवारी वर्गाला या. चौकटीत बसा आणि बोला. तुमचा माईक बंद आहे, असं आमच्यातलं कोणीही म्हणणार नाही.

बाई इतक्या लांबून आल्या, डॉक्टरांनी वेळ काढला, तुम्ही सगळे थांबलात, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाला काही लागलं असेल, तर या फटकळ माणसाला पदरात घ्या.

आता ताई शेवटची घोषणा करणार आहेत. कोणीतरी पंखे बंद करा. टाळ्या वाजवू नका, टाळ्यांत आवाज बुडतो. आणि हा माईक मी उचलून खाली ठेवतोय. आज मधे काही नको.

या, ताई.