बनुबाईंच्या नावाची फरशी

आता तुम्हीच सांगा, चालायचं तरी कसं? तुम्हाला सांगतो, आमच्या वृद्धाश्रमात आधी साधी शहाबादी फरशी होती, काळपट, खडबडीत, पण पाय धरून ठेवायची, नऊ वर्षांत एक माणूस पडला नाही... आणि त्र्याण्णवच्या दिवाळीत श्रीरामपूरच्या श्रीमंतशेठनी, कांद्याचे व्यापारी ते, आईच्या स्मरणार्थ अख्ख्या व्हरांड्याला गुळगुळीत पांढरी फरशी घातली. दारातच पाटी, 'कै. बनुबाई यांच्या स्मरणार्थ'. फरशी अशी, की वाकून बघितलं तर स्वतःचं तोंड दिसतं. पण वाकायचं कुणी? इथं सगळ्यात तरणा मी, शहात्तरचा.

पहिल्याच महिन्यात भागिरथीबाई गेल्या, म्हणजे पडल्या हो, न्हाणीतून ओल्या पायानं येताना. खुबा मोडला. मग कारभारी. घोडेगावच्या बाजारात चाळीस वर्षं बैलांची दलाली केलेला माणूस, उधळलेल्या खोंडांनी कधी पाडला नाही, त्याला बनुबाईंनी पाडला. मला म्हणाला, "आप्पा, बैल निदान आधी डोळं तरी वटारतो. हिनं कायबी सांगितलं न्हाई." हे म्हणाला मागच्या खोलीतल्या खाटेवरून. खुबा मोडला की त्या खोलीत नेतात, आणि तिथून स्वतःच्या पायांनी बाहेर आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. खोटं कशाला बोलू, मला मरणाची भीती वाटत नाही तेवढी त्या खोलीची वाटते.

आणि उपाय काय, तर 'जपून चाला'. मॅनेजर म्हणतात जपून चाला, स्वयंपाकीण म्हणते जपून चाला, आमचा मुलगा नितीन शिर्डीच्या लॉजवर कामाला असतो, महिन्याला एक फोन, "आप्पा, जपून चाला हं," की ठेवला. डॉक्टर म्हणतात, "रोज चाललंच पाहिजे, बसून राहिलात तर हाडं आणखी ठिसूळ होतील." त्यांची पाठ वळली की मोनिका सिस्टर, "आप्पा, उठायचं नाही, माझी ड्युटी संपल्यावर काय चालायचं ते चाला." म्हणजे बसलो तर ठिसूळ, उठलो तर तुकडे. मी भिंत धरून खेकड्यासारखा आडवा चालतो, संडासला पोचायला वीस मिनिटं, म्हणजे वीस मिनिटं आधी लागायला पाहिजे, ती कुठं लागते?

फरशी काढा म्हणालो. तर मॅनेजर कानाशी येऊन, "आईचं नाव आहे हो त्यावर. आणि पुढच्या वर्षी शेठ पत्रे बदलून देणार आहेत..."

मग ठरवलं, बनुबाईंच्या पुण्यतिथीला शेठ येतील, तोंडावर सांगायचं. आले. मी तोंड उघडतोय तर हे सरळ पायावर, मागं कुटुंब, मागं मुनीम, ओळीनं अकरा जण माझे पाय धरतायत आणि मी खांबाला मिठी मारून, "सुखी राहा, सोडा, सुखी राहा, पाय सोडा..." मग सांगितलं एकदाचं. भागिरथीबाई, कारभारी, ती खोली, सगळं. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. म्हणाले, "आई असती तर तीबी पडली असती. मी करतो कायतरी. तवर जपून चाला."

आठ दिवसांत टेम्पो आला. मला वाटलं फरशी उपटायला माणसं आली, जीव असा हलका झाला... उतरल्या काय, तर चाकाच्या खुर्च्या, नव्याकोऱ्या, तीन. एक भागिरथीबाईंना, एक कारभारीला. तिसरी कुणाला, विचारलं मी. मॅनेजर पाय ठेवायची पट्टी वरखाली करत राहिले, मग म्हणाले, "आप्पा, जरा बसून बघता?"

बसलो. अगदी माझ्या मापाची निघाली.