उतरणीची फळी

– नाही नाही, फरशीवर नको चालूस, फरशीवर कुठलाही बूट शहाण्यासारखा वागतो. या तिरक्या फळीवर चढ. आता उतर. अगं, जोरात! पाय आपट! आमच्या ह्यांनी स्वतः केलीय फळी, हत्ती उतरला तरी मोडायची नाही – तुला तूच म्हणते हं, लेकीच्या वयाची आहेस. बोटं पुढे टेकली? टेकली ना? मग हा नको. नव्याने राहायला येणारे हटकून पायाला चिकटून बसणारे बूट घेतात, चढताना खूश असतात, उतरताना नखं निळी होतात आणि मग येतात लंगडत माझ्याशी भांडायला.

नवीनच ना तुम्ही दोघं इथे? मला कसं कळलं? त्यात काय कळायचंय – तू आल्यापासून सारखी खिडकीतून त्या डोंगराकडे बघतेयस, आणि तेही प्रेमाने नाही, सासूकडे बघावं तसं! हसतेस काय? खरं सांग, हौस कुणाला, तुला की नवऱ्याला? ... वाटलंच. नोकरी बदलली, घर बदललं, कशासाठी, तर डोंगर. आणि आल्या आल्या काय काय घेतलं त्याने? सायकल? दोरसुद्धा? अगंबाई! आणि शिट्टी? घेतली ना! सगळे घेतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे बँकवाले तर शिट्टी गळ्यात घालून दूध आणायला जातात.

हा घाल, एक माप मोठा. नाडी घोट्यापाशी आवळ. ... मी? मी का बूट घालून बसलेय दुकानात? डोळे भारी तीक्ष्ण गं तुझे. ते आपलं – कातडं मऊ करायला. नवा बूट ताठ असतो, घरातल्या घरात घालून वागवला की मग ऐकतो. माझ्या मापाचे जोड मीच वागवून देते गिऱ्हाइकांना. अर्ध्या गावाच्या बायका मी मऊ केलेले बूट घालून वर जाऊन आल्यात.

वरून कसं दिसतं? छान दिसतं म्हणतात. नदी दिसते, सगळं गाव दिसतं म्हणतात. ... म्हणतात म्हणजे – आता तुझ्यापासून काय लपवायचं, मी कधी गेलेच नाही. हस, हस पोटभर! लग्न होऊन आले तेव्हा एकदा निघाले होते. आमचे हे – मागून ठोकाठोकी ऐकू येतेय ना, तेच, कुणाच्या तरी बुटांचे तळवे बदलतायत – हे पुढे आणि मी मागे. लांब लांब ढांगा टाकत निघाले ते वळून बघतील तर शपथ. पहिल्या वळणावर दगडावर बसले मी. म्हटलं, आता येतील हाका मारत. आले की! दुपारी, उतरताना. आणि म्हणतात कसे, ‘अगं, तू इथे होय!’ असा राग आला म्हणून सांगू! तिथेच ठरवलं, पुन्हा म्हणून यायचं नाही. रविवारी सगळं गाव वर जातं, कुणाची नाडी तुटते, कुणाचा तळवा निघतो – मी रविवारी दुकान उघडं ठेवायला लागले. आजतागायत एक रविवार चुकवला नाही, लेकीच्या लग्नाचासुद्धा नाही. लोक म्हणतात, काय कष्टाळू बाई. कष्टाळू कसली, रुसलेली!

चाल ना, थांबलीस का? ... हे? हे आता कुठले जातायत. मागे एकदा घसरले, गुडघा दुखावला. डॉक्टर म्हणाले, जा, पण हळू, आणि एकटे नाही. बरोबरचे तर सगळे पांगले, कुणी मुलांकडे गेलं, कुणी अंथरुणाला खिळलं. परवा जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, ‘तू येशील का?’ इतक्या वर्षांनी! मी म्हटलं, भाजी वाढू का? आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर हा जोड. ‘गिऱ्हाइकाचा आहे, जरा वागवून दे.’ कुठलं गिऱ्हाईक? माझा डावा पाय उजव्याहून जरासा मोठा आहे, मी कधी कुणाला सांगितलेलं नाही – आणि यातला डावा बूट बरोब्बर तेवढाच ताणून घेतलाय. म्हणजे बघत होते गं हे. कधी बघितलं कोण जाणे.

मीही ‘बरं’ म्हटलं आणि पायात घातला. वागवतेय आपली. भीती वाटते. या वयात जमेल की नाही याची नाही – वर पोचले आणि खरंच छान दिसलं तर? तर इतकी वर्षं नुसती रुसण्यात घालवली म्हणायची. आणि गंमत बघ, आता मी पुढे असणार आणि हे मागे. बसू देत त्या दगडावर! ... नाही गं, थांबेन मी.

हा बसला बघ तुला. नाही ना टेकत बोटं? घेऊन टाक. आणि ऐक, तो पुढे गेला तर मनातल्या मनात हाक मारत बसू नकोस माझ्यासारखी. शिट्टी घेतलीय ना, ती तू ठेव आणि वाजव चांगली कान फुटेपर्यंत!

चावले तर? बदलून देईन की. ... नाही, रविवारी नको, सोमवारी ये. रविवारी दुकान बंद. ... हो, आत्ताच म्हटलं मी, एकही चुकवला नाही म्हणून. म्हणून काय झालं? बंद म्हणजे बंद. ठोकणं थांबलं बघ, बाहेर येतायत हे. तू नीघ आता – नीघ म्हटलं ना!