कानामागची फुंकर

दवाखान्यात समोरच्या बाकावर एक आत्या आणि तापाने फणफणलेली तिची भाची बसल्या होत्या.

“पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालायचं काम तुझं. मग गोचीड तुझ्या मानेला कशी?”

“कडी घातली की कानामागच्या पिसांवर फुंकर मारून गोचिडी शोधतो आम्ही. मी तोंड फारच जवळ नेलं, आत्या.”

“कशाला पण?”

“हातात काही आहे असं वाटतच नव्हतं गं, इतका हलका पक्षी. आणि अख्खा समुद्र ओलांडून आलेला!”

“आणि ही तुझ्या मानेवरची बया?”

“मोहरीएवढी. या बाटलीत आहे, डॉक्टरांना दाखवायला. नाहीतर साधा ताप समजून भलतंच औषध देतील.”

“म्हणजे तापाचे जंतू गोचिडीच्या पोटात, गोचीड पक्ष्याच्या कानामागे, आणि पक्षी समुद्रावर?”

“हो.”

“अगं बाई! आणि त्या एवढ्याशा जिवाला पत्ताच नाही, आपण कुणाकुणाला घेऊन चाललोय.”

“त्याच्या सगळ्या काढल्या मी. मगच सोडला.”

“आणि तुझ्या कोण बघणार? वाक इकडे.”

“आत्या, लोक बघताहेत.”

“बघू देत.”

तिने भाचीचे केस वर धरले आणि कानामागे हलकेच फुंकर मारली.