श्वास धरा, काका

—नाही नाही काका, बोलायचं नाही. मान पण हलवायची नाही. माझा आवाज येतोय ना कानात? हे बघा, परत मान हलवलीत. ‘हो’ म्हणायलासुद्धा हलायचं नाही. मी काचेच्या अलीकडे बसलोय, मला इथून तुमचे मोजे दिसतात, तेवढं पुरे. उजव्या हातात रबरी फुगा दिलाय तो फक्त जीव घाबरला तरच दाबायचा. दाबलात की इथे घंटा वाजते आणि मी धावत येतो. उगाच दाबू नका हं, काल एका बाईंनी दाबला, मी पळत गेलो, तर म्हणाल्या घरी फोन करून विचारा गॅस बंद केलाय का. पोटाचा एमआरआय म्हणजे सोपं असतं. मी म्हणणार श्वास घ्या, मग म्हणणार धरा, यंत्र खडखडणार, मग मी म्हणणार सोडा. मी म्हणेपर्यंत सोडायचा नाही. श्वास सोडला की पोट हलतं, पोट हललं की फोटो पुसट, आणि फोटो पुसट आला की डॉक्टर माझ्यावर डाफरतात. चला. घ्या श्वास—धरा—

—सोडा. वा! काय धरलात! वकिलाचा दम तो वकिलाचाच.

आता राग मानू नका, पण तुम्ही असे गप्प पडलेले बघून मला फार बरं वाटतंय. म्हणजे आजारी म्हणून नाही—गप्प म्हणून. तुमच्या घरी मी किती वेळा आलो सांगा? नका सांगू. दर वेळी मनाशी ठरवून यायचो की आज विषय काढायचाच, आणि दर वेळी तुम्ही ती विहिरीच्या भिंतीची केस काढायचात. मी तोंड उघडलं की ‘हो की नाही, तेवढंच सांग.’ मी हो म्हणायचो, आणि कशाला हो म्हणालो ते मागाहून कळायचं. तुमचं ते लोखंडी कपाट मी असंच एका ‘हो’वर तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवलंय. पाठ अजून दुखते. आणि वर मला म्हणता काय—फोटोवाला. आमच्या डॉक्टर मुलीचा मित्र, फोटोवाला. लग्नाचे पण काढतोस का रे, असंही विचारलं होतंत एकदा, पाहुण्यांसमोर. पाहुणे हसले, मी पण हसलो, करतो काय. म्हणून आज मुद्दाम ड्युटी बदलून घेतली मी. म्हटलं, काका आडवे असणार, बोलता येणार नाही, उठून जाता येणार नाही, कवळीसुद्धा बाहेर कप्प्यात—अशी संधी परत यायची नाही. थांबा, आधी फोटो. श्वास घ्या—धरा—

—सोडा. छान आला. पित्ताशय अगदी—नाही, ते मी सांगायचं नसतं, ते डॉक्टर सांगतील. मी फक्त एवढंच म्हणेन की तळलेलं जरा कमी करा. मी काही म्हणालो नाही हं. काळजीचं नाही, दोन बारके—मी काही म्हणालोच नाही.

तर काका, विषय असा. तुमची लेक बाहेर बाकावर तुमचा शर्ट मांडीवर घेऊन बसलीय. कालपासून तिला जेवण गेलेलं नाही. थोडी काळजी तुमच्या पोटाची, आणि बाकीची माझी. ती म्हणते, बाबांना तूच सांग, मला ते वाक्य पुरं करू देत नाहीत. आणि म्हणते, बाबा स्वतःच्या तोंडाने ‘जा’ म्हणाल्याशिवाय मी घर सोडणार नाही, आई गेल्यापासून ते दिवा लावून झोपतात—हे तिने सांगितलंय हे विसरा. मला ती माझ्या घरी हवीय काका. फार हवीय. बस. तुमच्याच पद्धतीने विचारतो—हो की नाही, तेवढंच सांगा. होकार असेल तर फुगा एकदा दाबा.

विचार करताय? करा, करा. तोवर शेवटचा फोटो काढून घेऊ. घ्या श्वास—धरा—हां, यंत्र चालू असताना मी बोलायचं नसतं, पण हेडफोनमधून ऐकू येत असेल थोडं. रोज संध्याकाळी मी तिला तुमच्या कोपऱ्यावर सोडतो आणि एकटा परत फिरतो, कसं दिसतं ते? लग्न झालेला माणूस बायकोला कोपऱ्यावर सोडून—म्हणजे—लग्न झाल्यासारखा माणूस—छे, गेलं ते तोंडातून. काका, आम्ही गेल्या महिन्यात नोंदणी केली. चोरून नाही हो, तुम्हाला सांगायलाच दोघं आलो होतो, हातात हार होते, तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, बरे आलात, कपाट उतरवायचंय. हार त्याच कपाटावर ठेवले आणि उतरवलं. मग सांगायचं राहिलं ते राहिलंच, रोज वाटायचं उद्या सांगू, आणि ती रडते, आणि मी—

वाजली! घंटा वाजली! होकार! काका, तुम्ही—अरे देवा. श्वास. सोडा काका, सोडा! सोडा म्हणायचं राहिलं माझं! यंत्र थांबलंसुद्धा. घ्या, मोठा श्वास घ्या. आलो, बाहेर ओढतो तुम्हाला. पाणी देऊ? नको? मग ती घंटा श्वासाची होती की होकाराची? असं बघू नका ना.

थांबा. एक मिनिट. हा इथून दिसतोय पडद्यावर, शेवटचा फोटो. हा बघा किती स्वच्छ आलाय. नोंदणीचं बोललो तेव्हा यंत्र खडखडतच होतं, तरी एक रेघ हललेली नाही. काका, लेकीचं लग्न झालं हे ऐकून बाप दचकतो. दचकला की पोट हलतं. तुमचं पोट हललं नाही. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्या नोंदणी कचेरीतला एक एक कारकून तुम्हाला ओळखतो, आणि आम्ही दोघं शहाणे तिथेच गेलो! महिनाभर तुम्ही—त्या कपाटावरचे हार तुम्ही—

काय? आधी कवळी? देतो. ही घ्या. बसली?

मी? मी झोपू? इथे, या टेबलावर? आणि तुम्ही बोलणार. तिला पण आत बोलावू? बरं, बोलावतो—नको, आधी झोपतो. हो, हेडफोन नको, ऐकू येतंय. नाही, हलत नाही. मान पण नाही. अं? श्वास?

धरला.