कालवं भरवली मी

माजं माहेर नि सासर एकच, पूर्णगड. आई खाडीच्या खडकावर कालवं फोडायची, मीपण तेच, सुकती लागली, पाणी ओसरलं की टोपली घेऊन निघायचं, गुडघाभर पाण्यात वाकायचं, कवचांनी हात कापायचे, आता काय वाटत नाय. नवरा बोटीवर. दोन पोरी, थोरली प्रीती नि धाकटी स्वरा.

प्रीती बारावीला होती, तेव्हा तिचा हात थरथरायला लागला. चांगलं अक्षर होतं ते बिघडलं, बोलणं जड झालं, मी म्हटलं नाटकं करते अभ्यास टाळायला. मग कावीळ झाली, कोण म्हणे बाधा, गुरवाकडून देवाला गाऱ्हाणं घातलं, गावचे डॉक्टर म्हणाले अशक्तपणा. आमच्याकडं अशक्त माणसाला काय देतात? कालवं. काय सांगू तुमाला ताई, बारकी विकली नि मोठी मोठी तिच्यासाठी ठेवली, वर्षभर. नको गं आई, मळमळतंय, म्हणायची. मी डाफरायचे, गप खा म्हणायचे. हात थरथरायचा म्हणून माज्या हातानं भरवली.

शेवटी रत्नागिरीत एक तरुण डॉक्टरीण भेटली, तिनं बॅटरी मारून डोळ्यात बघितलं नि मला जवळ बोलावून दाखवलं. बुबुळाभोवती तपकिरी कडं होतं, मी आई असून मला कधी दिसलं नाय. मुंबईला पाठवलं, रक्त, लघवी, सगळं तपासलं. म्हणाले, खाण्यातलं तांबं हिच्या अंगातून बाहेर पडत नाय, जन्माचंच हाय, साठून साठून लिव्हर गेलं. यावर गोळी हाय, वर्षभर आधी आला असतात तर. काय खायचं नाय त्याचा कागद दिला. पयलंच नाव कालवांचं.

डॉक्टर म्हणाले, तुमच्या कालवांनी नाय झालं, मनाला लावून घेऊ नका. कसं नको लावून घेऊ? मुंबईला नेल्यापासून अकराव्या दिवशी पोर गेली माजी.

मग स्वराला तपासलं, ते जीन का काय बघतात. तिलापण तेच. पण तिला अजून काय झालं नव्हतं, गोळी चालू केली, रोज उपाशीपोटी, जन्मभर. ती जगंल. लोक म्हणतात, थोरलीनं धाकटीला वाचवलं. मला नाय तसं म्हणवत. थोरलीला कोणी वाचवायचं होतं?

घरात आता कालवं शिजत नायत. विकते मात्र, दुसरं काय येतं मला. परवा एक बाई आली, म्हणाली, पोरगी आजारी हाय, ताकद येऊ दे, मोठी बघून द्या. माजा हात टोपलीतच राहिला. म्हटलं, तिच्या डोळ्यांत कोणी नीट बघितलंय का? बाई रागावली, दुसरीकडं गेली. जाऊ दे. तिची पोर बरी होवो, नि माज्या पोरीसारखा तिला भरवायला तिच्या आईचा हात न लागो.