मशीन बंद करू नये

— नाही नाही, बसा नवलभाऊ, उठू नका. पत्रिकेचं होईल. तुमच्या भाविकाच्या लग्नाला अजून अवकाश आहे. मी नमुन्यांची फाईल बाजूला सारली म्हणून तुम्हाला वाटलं असेल, लताबाई काम टाळतेय — तसं काही नाही. मजकूर दिलात ना तुम्ही? तो तुमच्यासमोरच आत नेऊन यांच्यापुढे ठेवला मी. सुरूसुद्धा झाले — ऐका. खट, खट… खट. डाव्या हाताचं एकेक बोट. उजवी बाजू गेली ना त्या झटक्यात, जीभही वळत नाही, काही बोलले तर मलाच कळत नाही, दुसऱ्याला काय कळणार. पण डोकं शाबूत आहे हो, आणि कान तर माझ्यापेक्षा तिखट. म्हणून म्हणते, जरा हळू बोलू. मधे नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. आणि माझा आवाज मूळचाच मोठा. हे म्हणायचे, तू दुकानात बोललीस की दोंडाईचा स्टेशनात गाडी थांबते.

तर मी काय सांगत होते — तुमच्या शाळेतली ती मागची खोली. तुम्ही तिथे क्लार्क, चाव्या तुमच्याकडे. नवीन लॅब आली तेव्हापासून जुने कम्प्युटर तिथे एकावर एक पडलेत, खरं ना? भंगारात काढायचेत असं ऐकलं. त्यातला एक — एकच — मला पाहिजे, नवलभाऊ. अख्खा नको, आतला बोर्ड चालत असला तरी पुरे. मागच्या बाजूला प्रिंटरचं ते लांबट भोक असलेला, जुन्या पद्धतीचा. नवीन मशीनला ते भोकच नसतं. आणि यांचं मराठीचं सॉफ्टवेअर चालतं ते एका लॉकवर — हे एवढंसं, अंगठ्याएवढं — ते त्या भोकात बसवलं तर अक्षर उमटतं, नाहीतर पडदा नुसता कोरा. ज्या कंपनीने विकलं तिचा पत्ताही आता सापडत नाही. आमच्या मुलाने, किरणने, किती फोन लावले.

हा घर्र घर्र आवाज येतोय ना? तुम्हाला वाटलं असेल कुलर आहे. तो कम्प्युटरचा पंखा. दिवाळीपासून बंदच केला नाही मी तो. धुळ्याहून अन्वरभाई आले होते, आमचे जुने मेकॅनिक. झाकण उघडलं, बॅटरी मारून बघितलं आणि झाकण परत लावलं. आधी एकदा त्यांनी आतले ते बारके डबे बदलले होते, पण आता म्हणाले, बोर्डच जळकट झालाय. म्हणाले, ताई, चालू आहे तोवर चालू आहे, बंद केलात तर पुन्हा उठेल असं मी काही सांगू शकत नाही. झालं! त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला. इन्व्हर्टर घेतला. लाईट गेली की घरातलं बठ्ठं बंद करते, फ्रीज, टीव्ही, सगळं — तो तेवढा चालू. बटणावर कागद चिकटवलाय किरणने, मोठ्या अक्षरात — मशीन बंद करू नये. आणि इथे मिरचीचा सीझन आला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, बाजारातली लाल धूळ दाराच्या फटीतून आत येते, माणसं शिंकतात, मशीन बिचारं शिंकतही नाही. माझी जुनी ओढणी भिजवून, पिळून खिडकीला लावते. लोक हसतात. हसू देत.

काय म्हणालात? नवीन लॅपटॉप? अहो, आहे ना! किरणने पुण्याहून आणून दिला. अक्षरांच्या जागासुद्धा यांच्या सवयीच्या करून दिल्या त्याने. हे बसले त्याच्यापुढे. ती खिडकी वेगळी, तो बाण वेगळा, आपलं काम कुठे ठेवलं तेच यांना सापडेना. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, हातात जे जुनं मुरलंय ते राहील, नवीन शिकणं अवघड. यांनी झाकण लावलं आणि रडले. नवलभाऊ, सासरे गेले तेव्हा हा माणूस रडला नव्हता. मी तो लॅपटॉप उचलून माळ्यावर — म्हणजे, कपाटात ठेवून दिला.

आणि तो कम्प्युटर म्हणजे काय नुसतं कामाचं मशीन आहे? अहो, हे बोलतात त्याच्यावर! भूक नसली की टाइप करतात — माले भूक नही शे. मी आत गेले की पडद्यावर वाचायचं. पंखा वाढव. किरणचा फोन आला का. परवा काय लिहिलं होतं, सांगू? सांगते. लिहिलं होतं, लता, तू आजकाल हसत नहीस. मी म्हटलं, हसते की, तुमच्यामागे हसते. मोरीत जाऊन तोंड धुतलं मी मग. मला भीती वाटते हो. सकाळी डोळा उघडला की आधी कान देते — घर्र चालू आहे ना. आहे, तर मग माझा दिवस सुरू होतो. तो आवाज थांबला तर या माणसाचं आणि माझं बोलणं संपलं, एवढं सरळ आहे ते.

म्हणून तुमच्यापुढे पदर पसरते. रीतसर अर्ज लागत असेल तर अर्ज देते, हेडमास्तरांना भेटते —

आं? चुका? कोणती चूक?

हां. ती. म्हणजे साक्रीपर्यंत गेलीच ती गोष्ट. तुमच्या मेव्हण्यांच्या भाऊबंदांतलीच होती ना ती पत्रिका. झालं असं — यांची पद्धत ठाऊक आहे तुम्हाला. एका घरातल्या थोरल्याची पत्रिका केली की ती मशीनमध्ये राहते, धाकट्याच्या वेळी तीच उघडायची, नवरा-नवरी बदलायचे, तारीख बदलायची. नावांचा क्रम तोच राहतो, कोणाचा मान चुकत नाही, कोणी रुसत नाही. यांच्या पत्रिकेवरून कधी कुठल्या गावात भांडण झालं नाही, म्हणून तर शिरपूरपासून लोक यायचे. पण आधी हे गिऱ्हाइकाला समोर बसवून एकेक नाव विचारायचे — हे आहेत का, हे आहेत का. आता विचारणार कसे? जीभ वळत नाही. आणि मी त्या दिवशी पोळ्या लाटत होते. गेली तशीच छापायला. निमंत्रकांत पहिलंच नाव — श्री. वना आबा. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलेलं. पत्रिका गावभर वाटून झाल्या आणि मग बोंब. काय काय बोलले लोक मला, इथे याच बाकावर बसून! मी पाया पडले, म्हटलं, मला बोला, आत ऐकू जाईल असं बोलू नका. आणि वना आबांची बायको, ताईबाई, आली होती त्यांच्यासोबत. ती नुसती त्या नावावरून बोट फिरवत बसली होती. जाताना मला म्हणाली, माय, श्री. लावलंय ना, राहू दे, अजून चार पत्रिका दे मला.

यांना? नाही, यांना नाही कळू दिलं. म्हटलं, लोक आले होते पत्रिका आवडली म्हणून सांगायला.

पण म्हणून तुम्ही काळजी करू नका! तुमच्या पत्रिकेत तसं होणारच नाही — अहो ऐकून तर घ्या, उठताय कुठे? तुमचा मजकूर मघाशीच मोबाईलवर फोटो काढून किरणला पाठवला मी. तो पुण्यात बसून करतो, नव्या कम्प्युटरवर, एकेक नाव फोनवर विचारून घेतो, तुम्हाला संध्याकाळी फोन येईल त्याचा. छापून धुळ्याहून येते. त्या वना आबांच्या पत्रिकेनंतर सगळ्या तशाच होतात, आजवर एक चूक नाही, कोणालाही विचारा.

मग हे आत काय करताहेत, म्हणता?

…करू दे ना त्यांना. तुमचीच पत्रिका करताहेत. दुपारपर्यंत होईल. मी जुन्या प्रिंटरवर एक प्रत काढीन, यांच्यापुढे धरीन, हे मान हलवतील, मी म्हणेन, चला, गेली छापायला. मग ती आमच्या गादीखाली जाते. आणि तुम्हाला एक विनंती — पत्रिका न्यायला याल ना, तेव्हा आत डोकावून एवढंच म्हणा, भाऊ, झकास झाली. बस. पुढे काही बोलावं लागत नाही. हे हात वर करतात, एवढंच.

असं बघू नका माझ्याकडे. मला कळतं, तुम्ही काय म्हणताय ते. नुसतं खेळणं आहे तर मग मरू द्या ना ते मशीन, शाळेच्या मालाला कशाला हात लावायला लावता — असंच ना? खरं सांगू? मलाही वाटतं कधीकधी! वाटतं, पडावं बंद एकदाचं, सुटेन मी! ती ओढणी भिजवा, ते इन्व्हर्टरचं पाणी बघा, ते खोटं हसा! थकले हो मी! पण बंद पडलं तर हे काय करतील, सांगा ना! भिंतीकडे बघत बसतील? उभ्या खान्देशात ज्याच्या पत्रिका वाटल्या तो माणूस! हे रोज सकाळी दाढी करून घेतात माझ्याकडून, का, तर कामावर बसायचंय! काम! अहो, एक अक्षर बाहेर जात नाही यांचं! या दारातून एक कागद जात नाही! पेठेत बठ्ठ्यांना ठाऊक आहे — चहावाल्याला ठाऊक, छापखान्याला ठाऊक, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आत डोकावून खोटं बोलून जातं, मीच शिकवून ठेवलंय सगळ्यांना — गावात एक यांनाच तेवढं माहीत नाही!

…

मोठ्याने बोलले का मी?

नाही… नाही, ते जोडाक्षर शोधत असतील. जोडाक्षराला थांबतात ते असेच. तुमच्या व्याह्यांचं नाव अवघड आहे ना जरा. थांबा. बोलू नका. आता येईल बघा — खट.

येईल.

अहो? चहा ठेवू का?

नवलभाऊ… लाईट गेली का हो? वरचा पंखा फिरतोय. ट्यूबही चालू आहे.

घर्र कुठाय?

ऐकलं यांनी… तो कागद चिकटवलेलं बटण यांच्या हाताशीच असतं. नाही, तुम्ही नका येऊ. बाकावरून उठा. ती शाळेची खोली राहू द्या, आता नको काही. जा तुम्ही. जाताना शटर ओढून घ्या.