कमानीतली बाई

“आता कीर्तन सोडून रोमला कुठं निघाल्या या बाई? रामाचं बोला म्हणावं.”

ऐकलं हो मी, मावशी. रामाला सगळा मुलूख सारखाच. चला माझ्याबरोबर.

मंडळी, ऐका. मोठ्या माणसाचं मोठेपण मोजायचं कशानं?

परवा एका यजमानांच्या भिंतीवर चित्र पाहिलं. रोमच्या बादशहाची पडकी कमान – आणि खाली एक बाई कपडे वाळत घालतेय, शेजारी शेळ्या. हातातला चहा निवला माझा. बादशहाच्या चित्रात ही शिरली कशी? कुणाला सांगता येईना, म्हणून गोष्ट मीच मनानं रचली.

तादेओ नावाचा कारागीर. तांब्याच्या पत्र्यावर मेण फासायचा, सुईनं त्यात चित्र ओरखडायचा आणि वर तेजाब ओतायचा. सुई फिरली तेवढंच तांबं तेजाब खाणार. त्या खाचांत शाई भरली, की कागदावर छाप. म्हणजे बघा – झिजलं तेच उमटलं!

त्याला बोलावलं सरदार ओराझियोनं. हा स्वतःला बादशहाचा वंशज म्हणवायचा. कोट विरलेला, मान ताठ – आहेत आपल्याकडंही, शेजारच्याला कोपर मारू नका. म्हणाला, कमान काढ, पण ती शेळ्यावाली नको. कमानीत नुन्झिया नावाची विधवा राहायची, चार शेळ्या घेऊन. तिला हुकूम गेला: चित्र होईस्तोवर जागा सोड. जायचं कुठं, ते हुकमात नव्हतं.

या धंद्याची एक रीत – इमारतीच्या पायाशी माणूस काढायचा, माप म्हणून. तादेओनं हुकमापायी रीत मोडली. छाप ताडून बघायला सगळे कमानीपाशी जमले, आणि कागदावर काय? कोंबड्यांच्या खुराड्याचं दार!

सरदारानं विचारलं, एवढीशी का दिसते? कारभारी म्हणाला, कागद दमट. पाद्री म्हणाला, उजेड कमी. तादेओ बोटांची शाई पुसत राहिला.

हसू नका, मंडळी. घरात, गावात, कुणाच्या विरलेल्या कोटापुढं आपणही उजेडालाच दोष दिलाय. आणि त्या गप्प बसण्यापायी कुणाचं छप्पर गेलं, ते वळून पाहिलंय कधी?

नुन्झिया बोचकं बांधत होती. गाठ अर्धी टाकून ती जवळ आली, चित्र निरखलं आणि हळूच म्हणाली, “मला उभी करा यात, म्हणजे कमान केवढी ते कळेल. बादशहा गेले, सरकार. केव्हाच गेले. आता इथं मी राहते.”